सभासदांची यादी सोबत जोडावी

पिंपरी-चिंचवडमध्ये माणसांचे दोनच प्रकार आहेत. एक पर्मनंट आणि दुसरा टेंपररी. बाकीचे सगळे भेद नंतर. लग्नाच्या बैठकीत पोह्यांची बशी हातात पडायच्या आत मुलीकडचा पहिला प्रश्न येतो, "मुलगा पर्मनंट आहे ना?" मुलाचं शिक्षण किती, तो पितो का, त्याचा स्वभाव कसा, हे किरकोळ प्रश्न चहाबरोबर येतात. मी दिसायला बरा आहे म्हणून माझं लग्न झालं, असा माझा बरीच वर्षं समज होता. पुढे सौभाग्यवतींनीच खुलासा केला, की "बँकेत आहे आणि पर्मनंट आहे" एवढ्या दोन गोष्टींवर त्यांच्या वडिलांनी होकार कळवून टाकला होता. फोटो त्यांनी नंतर पाहिला. तोवर हॉल बुक झाला होता.

हे सगळं आठवायचं कारण आमचे चिरंजीव. वय वर्षे एकोणीस. ते एका रॉक बँडमध्ये गिटार वाजवतात. वरातीतल्या बँडहून हा बँड वेगळा. वरातीतला बँड कमी आवाज करतो आणि जास्त पैसे मिळवतो. चिरंजीवांच्या बँडचं नाव इंग्रजी आहे आणि ते मी इथे देत नाही, कारण त्याचा अर्थ अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सांगायचा धीर मला अजून झालेला नाही. यांच्या तालमी आधी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये चालत. सोसायटीच्या सभेने त्या एकमताने बंद पाडल्या. आमच्या सोसायटीच्या इतिहासात एकमताने झालेला ठराव हा एवढाच. तेव्हापासून तालीम भोसरीला एका रिकाम्या शेडमध्ये चालते. शेजारी पॉवर प्रेस आहे. तक्रार आलीच तर ती प्रेसवाल्यांची येते, की पोरांनो, जरा हळू, आम्हाला आमचं मशीन ऐकू येत नाही.

तर या बँडने एका कॉलेजच्या स्नेहसंमेलनात वाजवलं आणि कॉलेजने पंधरा हजार रुपये कबूल केले. कबूल करणं आणि देणं यांच्यामध्ये अकाउंटंट नावाचा प्राणी बसलेला असतो. त्याने सांगितलं, की पैसे मिळतील, पण बँडच्या नावाच्या खात्यात. रोख नाही आणि कोणा एकाच्या नावावरही नाही. हा गृहस्थ मला न पाहताच आवडला. पण परिणाम असा झाला, की एका गुरुवारी सकाळी साडेअकराला अख्खा बँड माझ्या काउंटरसमोर येऊन उभा राहिला. सगळे काळ्या शर्टात. आमच्या सिक्युरिटी गार्डने सवयीने एकदा बंदूक सावरली.

मी बँकेत क्लार्क आहे. हल्ली आम्हाला क्लार्क म्हणत नाहीत, 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' म्हणतात. टेबल तेच, पंख्याचा आवाज तोच. नोंदणी नसलेल्या मंडळाचं खातं उघडायचं, तर मंडळाचा ठराव लागतो, पॅन लागतो, सह्या करणाऱ्यांना अधिकारपत्र लागतं आणि मुख्य म्हणजे सभासदांची यादी लागते. हा नियम करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बहुधा भजनी मंडळ असावं. पण नियमाला टाळ आणि गिटार यांतला फरक कळत नाही. मी फॉर्म पुढे सरकवला. चिरंजीवांनी यादी लिहून दिली. पाच नावं होती.

पाचवं नाव वाचून मी चष्मा काढला. हा पोरगा बँडचा पहिला ड्रमवाला. गेल्या जूनमध्ये नोकरी लागून बेंगळुरूला गेला, तो परत आलेला नाही. आणि समोर उभ्या असलेल्या पाच पोरांपैकी एकाचं नाव यादीत कुठेच नव्हतं. तो चाकणचा. आयटीआय झालेला, चाकणच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडून कामाला. जूनपासून ड्रम हाच वाजवतो. शिवाय त्याच्या मामाचा छोटा हत्ती आहे, त्यातून सगळ्यांची वाद्यं हाच वाहतो आणि उतरवतोही. बाकीच्यांची बोटं नाजूक आहेत.

"आणि हा?" मी विचारलं.

"हा ड्रम वाजवतो, बाबा."

"ते सगळ्या भोसरीला माहीत आहे. यादीत का नाही?"

"तो ऑफिशियल मेंबर नाहीये. सेशन म्युझिशियन आहे."

सेशन हा शब्द मी आजवर फक्त कोर्टाच्या मागे लागलेला ऐकला होता. मी त्या पोराकडे पाहिलं. तो हेल्मेट पोटाशी धरून बाकड्याच्या कडेवर टेकला होता. पूर्ण बाकड्यावर बसायला टोकन लागतं, अशी त्याची समजूत असावी. "राहू द्या, काका," तो म्हणाला, "मी आपला वाजवतो."

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ही मंडळी बँकेत नेमकी गुरुवारी का आली. गुरुवारी कारखान्यांना सुट्टी. म्हणजे ज्याचं नाव यादीत नाही, त्याच्या सोयीने बाकीचे चारजण कॉलेज बुडवून आले होते.

निर्णय घ्यायचा नसला, की कागद मागावा, ही बँकिंगची पहिली शिकवण आहे. "ठराव नाही. सभा घ्या, ठराव आणा," असं म्हणून मी फॉर्म परत केला.

सभा रविवारी आमच्याच घरी ठरली. मधल्या तीन संध्याकाळी मी या विषयाचा अभ्यास केला. मी कॉमर्सचा पदवीधर. जे कळत नाही त्यात जमाखर्च शोधायचा, ही आमची रीत. चिरंजीवांनी जाता जाता एक दाखला तोंडावर मारला होता, की बाबा, रोलिंग स्टोन्समध्येसुद्धा हेच चालतं. (हे नाव ऐकून अण्णांना मोशीकडचं खडी क्रशर वाटलं होतं. मला तसं वाटलं नव्हतं, असं मी म्हणत नाही.) आणि पाहतो तर खरंच! बिल वायमन हा त्यांचा बासवाला १९९३ मध्ये सोडून गेला आणि त्याच्या जागी डॅरिल जोन्स आला. तेव्हापासून तीस वर्षांहून जास्त काळ हा गृहस्थ प्रत्येक दौऱ्यात बास वाजवतोय, आणि सभासद नाही. रॉनी वुड १९७५ मध्ये आला. फोटोत आला, पोस्टरवर आला, पण हिशेबाच्या वहीत बरीच वर्षं पगारी नोकरच राहिला. म्हणजे आपल्याकडे ज्याला 'कंपनीचा ड्रेस, ठेकेदाराचा पगार' म्हणतात, तो प्रकार लंडनलाही आहे तर! उगाच आपण चाकणला नावं ठेवतो.

पण मला चटका लावून गेला तो इयन स्ट्युअर्ट. १९६२ मध्ये ब्रायन जोन्सने बँड काढायचा म्हणून जाहिरात दिली, तेव्हा सगळ्यांत आधी जाऊन पोचला तो हा. पियानो वाजवायचा. दुसऱ्या वर्षी बँडला मॅनेजर मिळाला, अँड्र्यू ओल्डहॅम, वय वर्षे एकोणीस. (एकोणीस या वयातच काहीतरी असावं.) तो म्हणाला, सहा माणसं फार होतात, लोकांच्या लक्षात राहत नाहीत, आणि याचा चेहरा तर पोस्टरवर शोभत नाही. स्ट्युअर्ट यादीतून गेला. त्याच्या जागी मी असतो तर युनियनकडे गेलो असतो. हा गडी त्याच बँडची गाडी चालवायला लागला. सामान चढवायचं, उतरवायचं, पडद्याच्या कडेला बसून पियानो वाजवायचा, रेकॉर्डवरही वाजवायचा, असं त्याने बावीस वर्षं केलं. डिसेंबर १९८५ मध्ये वारला. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या रॉक अँड रोलच्या कीर्तिमंदिरात रोलिंग स्टोन्सना मानाने घेतलं, तेव्हा यादीत याचं नाव होतं. पर्मनंट झाला, पण तीन वर्षं उशिरा.

आमच्या शाखेतही एक इयन स्ट्युअर्ट आहे. अकरा वर्षं चहा आणतो, झाडतो, पासबुकं छापून देतो, सर्व्हर बसला की त्याला थोपटून उठवतो. हजेरीपटावर त्याचं नाव नाही. पेन्शनर मंडळी त्याला मॅनेजर समजतात आणि मॅनेजरला नवीन शिपाई.

बीटल्सचं प्रकरण त्या मानाने मला सरळ वाटलं. तिथे ऑगस्ट १९६२ मध्ये पीट बेस्ट या ड्रमवाल्याला काढलं आणि रिंगो स्टारला घेतलं. कडू, पण कागदोपत्री स्वच्छ. पुढे जून १९६४ मध्ये ऐन दौऱ्याच्या तोंडावर रिंगोच्या घशाला टॉन्सिल्स झाले, तेव्हा जिमी निकोल नावाचा ड्रमवाला घेतला. डेन्मार्कपासून ऑस्ट्रेलियापर्यंत लाखो पोरी त्याच्याकडे पाहून किंचाळल्या. रिंगो बरा होऊन आला आणि निकोल सोन्याचं घड्याळ घेऊन घरी गेला. आमच्याकडच्या भाषेत हा अस्सल बदली कामगार. आपल्याकडे मात्र घड्याळ मिळायला तीस-पस्तीस वर्षं भरावी लागत, आणि तेही सोन्याचं नसे.

रविवारी सभा भरली. सौ.नी साबुदाण्याची खिचडी केली होती, त्यामुळे गणसंख्या लगेच पूर्ण झाली. चाकणचा पोरगा नव्हता. त्याला सेकंड शिफ्ट होती. अध्यक्षस्थानी मी. अण्णा कोपऱ्यातल्या खुर्चीत डोळे मिटून बसले होते. त्यांना ऐकू कमी येतं, पण कुठलं कमी यायचं हे त्यांचं ते ठरवतात.

सभासद कोणाला म्हणायचं, हा पहिला विषय. गाणारा म्हणाला, जो सुरुवातीपासून आहे तो. मी म्हटलं, मग कीबोर्डवाल्याचं काय? तो तर मागच्या दिवाळीत आला. कीबोर्डवाल्याच्या घशात साबुदाणा अडकला. मग ठरलं, की पोस्टरवरच्या फोटोत जो आहे तो. पण फोटोत बेंगळुरूवाला होता, कारण फोटो जूनच्या आधीचा. नवा फोटो काढला त्या दिवशी चाकणच्या पोराला सुट्टी नव्हती, म्हणून ड्रमच्या मागे कोणीच नाही. नुसतं स्टूल आहे. स्टुलाला सभासद करायची सूचना आली, पण तिला अनुमोदन मिळालं नाही.

मग चिरंजीवांनी तात्त्विक भूमिका घेतली. "बाबा, गाणं जो निर्माण करतो तो मेंबर. तो फक्त ताल देतो."

यावर गाणारा पोरगा जरा चुळबुळला. प्रामाणिक आहे, पुढे त्रास होणार त्याला. तो म्हणाला, "पण आपल्या त्या एका गाण्यावर लोक टाळ्या धरतात ना, तो ठेका त्याचाच आहे. त्याच्या शॉपमधल्या प्रेसचा. धड, धड-धड, आणि मग सुस्कारा. त्यानेच आणला तो."

"ते एकच गाणं," चिरंजीव म्हणाले.

"टाळ्या पण त्या एकाच गाण्याला मिळतात," कीबोर्डवाला म्हणाला.

बासवाला इतका वेळ गप्प होता. त्याने मोबाइलवर हिशेब करून तोंड उघडलं. पंधरा हजार भागिले चार म्हणजे तीन हजार सातशे पन्नास. भागिले पाच म्हणजे तीन हजार. चाकणच्या पोराला आजवर दर कार्यक्रमाला पाचशे रुपये आणि पेट्रोल देत होते. संस्थापक म्हणून बेंगळुरूवाल्याला फक्त नाव हवं होतं, पैसे नको होते. तेव्हा तो यादीत असणं सोयीचं होतं. म्हणजे सेशन, ऑफिशियल, रोलिंग स्टोन्स हे सगळं सोलून काढल्यावर आत साडेसातशे रुपयांची बी निघाली. मला त्या पोरांचा राग आला नाही. त्या वयात साडेसातशे रुपये म्हणजे गिटारच्या तारा आणि वर दोन वेळचा वडापाव. शिवाय माझ्या पाहण्यातल्या फार मोठमोठ्या तात्त्विक भूमिका याहून कमी रकमेच्या निघाल्या आहेत.

इतक्यात कोपऱ्यातून आवाज आला. "दिवस किती भरले त्याचे?"

"कसले दिवस, आजोबा?" चिरंजीवांनी विचारलं.

"कामाचे. दोनशे चाळीस भरले का?"

पोरांना काही कळेना. मी समजावलं. अण्णांच्या काळी बारा महिन्यांत २४० दिवस भरले, की कामगाराला कायम होण्याचा हक्क सांगता येई. पोरांनी हिशेब केला. जूनपासून, आठवड्याला दोन तालमी, वर कार्यक्रम धरून फार तर ऐंशी. चिरंजीवांचा चेहरा उजळला. "नाही भरले, आजोबा."

"आमचेही भरू देत नसत," अण्णा म्हणाले आणि त्यांनी परत डोळे मिटले.

अण्णा निरनिराळ्या कारखान्यांत मिळून नऊ वर्षं टेंपररी होते. सात महिने उलटले, की ब्रेक. म्हणजे महिनाभर घरी बसायचं आणि मग पुन्हा नवं कार्ड, नवा नंबर, पहिला दिवस. ब्रेकमध्ये अण्णा सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडत. कोणी विचारलं तर "रजा शिल्लक होती, घेतली" असं सांगत. टेंपररीला रजा नसते हे चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळे "बरं केलंत" म्हणत. मला लहानपणी ब्रेक ओळखायची एकच खूण माहीत होती. कँटीनमध्ये चहाबरोबर मिळणारा बिस्किटाचा पुडा अण्णा न खाता खिशातून माझ्यासाठी आणत. ब्रेकमध्ये तो येत नसे. एकदा मी न राहवून विचारलं, तेव्हा त्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून पुडा विकत आणून, खिशात घालून, पुन्हा घरी येऊन मला काढून दिला. मला फरक कळला, कारण कँटीनच्या पुड्याला ऑइलचा वास असे. १९८६ मध्ये ते कायम झाले, तेव्हा आईने चाळीत पेढे वाटले, आणि मी मात्र रात्री झोपताना आता पुडा रोज येणार याचा हिशेब करत होतो.

हे मी पोरांना सांगितलं नाही. सभेच्या इतिवृत्तात घेण्यासारखं ते नव्हतं.

खिचडीची दुसरी फेरी झाली. अण्णांनी, डोळे तसेच मिटलेले, विचारलं, "पोरगा चाकणचा ना? मग संताजी कुठले होते?"

अण्णा दर एकादशीला देहूला जातात, त्यामुळे त्यांना बँड म्हटलं की एकच माहीत आहे. तुकोबांचे चौदा टाळकरी. विचार केला, तर आमच्या पट्ट्यातला यादी असलेला सर्वांत जुना संच तोच. त्यातले मल्हारपंत चिखलीचे, म्हणजे आजच्या आमच्या महापालिका हद्दीतले. आणि संताजी जगनाडे चाकणचे. तेलाचा घाणा चालवणारे.

"संताजी काय वाजवायचे?" अण्णांनी विचारलं.

"टाळ," मी म्हणालो.

"टाळ सगळेच वाजवायचे. अभंग लिहून कोणी ठेवले? त्यांनी आणि गंगाराम मवाळांनी. आणि रामेश्वर भट्ट तर आधी तुकोबांच्या विरोधात होते. तेही चौदांत. कान्होबा तर सख्खा भाऊ. म्हणून काय तो एक नंबरवर आणि तेली चौदावर, असं आहे का कुठे?"

पोरं गप्प झाली. माझ्यातला क्लार्क मात्र भलत्याच वाटेने निघाला होता. नोंदणी नसलेल्या मंडळात पंधरा टक्क्यांहून जास्त वाटा ज्याचा, त्याला आमच्या नियमात 'लाभार्थी मालक' म्हणतात आणि त्याची कागदपत्रं घ्यावी लागतात. चौदाजणांत समान वाटणी केली तर प्रत्येकी सात टक्के आणि वर थोडंसं. म्हणजे एकही मालक नाही! असं झालं, की सर्वांत वरच्या पदाधिकाऱ्याला मालक धरा, असं नियम सांगतो. त्या रकान्यात पांडुरंगाचं नाव घातलं असतं, तर हेड ऑफिसने नक्की पत्त्याचा पुरावा मागितला असता. अठ्ठावीस युगं एकाच पत्त्यावर उभा असलेला दुसरा खातेदार मी पाहिलेला नाही, पण विजेचं बिल त्याच्या नावावर नाही. आणि ज्या मंडळाच्या प्रमुखाने आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, त्यांचा प्रस्ताव आमच्या कर्ज विभागापुढे ठेवायची माझी तरी छाती झाली नसती.

माझ्या पोरांचं गणित सोपं होतं. चौघांत पंचवीस टक्के, पाचांत वीस. दोन्हीकडे सगळेच मालक. "नियमाने काही अडत नाही," असं मी अध्यक्ष या नात्याने सांगितलं.

"लिहा काका त्याचं नाव," गाणारा म्हणाला. कीबोर्डवाल्याने मान डोलवली. बासवाल्याने पुन्हा एकदा भागाकार करून पाहिला, उत्तर तेच आलं, तेव्हा तोही हो म्हणाला. चिरंजीव आजोबांकडे पाहत होते. "आणि बेंगळुरूवाला?" त्यांनी विचारलं. त्याच्या नावापुढे 'संस्थापक, सध्या गैरहजर' लिहावं असं ठरत होतं, पण फॉर्ममध्ये गैरहजर माणसाला रकाना नाही. त्याचं नाव पोस्टरवर ठेवायचं ठरलं.

पुढच्या गुरुवारी पुन्हा सगळे आले. चाकणचा पोरगा तळेगाव चौकातल्या ट्रॅफिकमध्ये अडकल्याने तासभर उशिरा आला. चौघे थांबले होते. मी ठरावाची प्रत त्याच्यापुढे ठेवली. त्याने ती दोनदा वाचली, मग मागची बाजू उलटून पाहिली.

"काका, हे किती महिन्यांसाठी?"

"मुदत नाही याला," मी म्हणालो. "बचत खातं आहे, मुदत ठेव नाही."

त्याला विनोद कळला नसावा. त्याने सही केली. सही म्हणजे पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, एकेक अक्षर सुटं, गेटवरच्या रजिस्टरमध्ये करतात तशी. मग व्यवसायाचा रकाना आला. बाकीच्या चौघांनी 'विद्यार्थी' लिहिलं होतं. याने 'नोकरी' लिहिलं, थांबला, आणि त्याच्यापुढे कंसात 'कंत्राटी' लिहिलं. मग पेनचं टोपण दाताखाली धरून थोडा वेळ बसला. या वेळी अख्ख्या बाकड्यावर बसला होता. दोन्ही शब्द त्याने आडव्या रेघेने खोडले आणि वर बारीक अक्षरात 'ड्रमर' लिहिलं.

"चालेल ना काका?"

"चालेल," मी म्हणालो. "पण खाडाखोड असेल तिथे पूर्ण सही लागते."

तेव्हा त्या फॉर्मवर चौघांच्या एकेक आणि त्याच्या दोन सह्या आहेत.